तारण काय?

आवडत्या सिनेमांचा विषय निघाला की कोणाला गाणी आठवतात, कोणाला मधुबाला आठवते. मला तारण आठवतं. याला इलाज नाही. वीस वर्षं बँकेच्या कर्जविभागात काढलेल्या बी.कॉम. माणसाला ताजमहाल दाखवलात, तरी मिळकत कोणाच्या नावावर आहे आणि बोजा किती, हे तो आधी विचारणार. आमच्या सौ.ला हे मुळीच पसंत नाही. ती पडद्यावर रडत असते तेव्हा मी शेजारी बसून निर्मात्याने पैसे कुठून उभे केले असतील याचा हिशेब करीत असतो. पण खरं सांगतो, या सवयीमुळेच मला माझे आवडते सिनेमे जास्त आवडायला लागले.

आता दादासाहेब फाळक्यांचंच घ्या. १९११च्या सुमारास हे गृहस्थ माझ्या टेबलापुढे येऊन बसले असते तर अर्ज असा दिसला असता. वय : चाळिशी ओलांडलेली. व्यवसाय : छापखाना होता, भागीदारांशी बिनसलं म्हणून सोडला. चालू उत्पन्न : निरंक. कर्जाचं प्रयोजन : गिरगावात येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला, तशीच आपली देवमंडळी पडद्यावर हलती करायची आहेत. तारण : विम्याची पॉलिसी. म्हणजे अर्जदार वारल्यास परतफेडीची काहीतरी शाश्वती. जगल्यास सांगता येत नाही.

मी हा अर्ज साहेबांपर्यंत जाऊसुद्धा दिला नसता. आणि साहेबांनी मला त्याबद्दल शाबासकी दिली असती.

फाळके पॉलिसीवर पैसे उचलून १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तिथे विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था केली, विद्या शिकून घेतली आणि एप्रिल उजाडताना परतले. मग त्यांनी काय करावं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून तो वाढतो कसा, याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं. तो छोटासा खेळ त्यांनी लोकांना दाखवला आणि त्याच्यावर पुढचे पैसे उभे राहिले. बँकेच्या भाषेत याला प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणतात. इतका लहान आणि इतका खरा प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्या टेबलावर आजवर आलेला नाही. आमच्याकडे येतात त्यांत पेरणीआधीच वाटाण्याची उसळ होऊन नफाही वाटून झालेला असतो.

तरी पैसे पुरेनात. तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. बरं, दागिने देऊन बाई बाजूला झाल्या म्हणावं तर तेही नाही. कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडण्याचं काम त्यांनी शिकून घेतलं, आणि दादरला चित्रीकरण चालू असताना साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला. जामीनदार कर्जदारापेक्षा जास्त राबतो, हे मी नोकरीत पुष्कळ वेळा पाहिलं आहे. पण इथे कमाल झाली. आणि गंमत पाहा, तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी साळुंके नावाचा खाणावळीतला आचारी उभा केला. म्हणजे घरची लक्ष्मी पंक्तीचा स्वयंपाक करतेय आणि आचारी नऊवारी नेसून पतिव्रता झालाय!

३ मे १९१३ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. या गोष्टीकडे कर्जविभागातून कोणी पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. हरिश्चंद्र म्हणजे काय? तोंडी शब्दावर अंगावर आलेलं देणं फेडायला राज्य दिलं, बायको-मुलगा विकला आणि शेवटी स्वतःलाही विकलं. विश्वामित्रांसारखा वसुली अधिकारी आजच्या कोणत्याही बँकेला पगार दुप्पट करून हवा असेल. पॉलिसी गहाण, बायकोचे दागिने गेलेले, आणि त्यातला राजपुत्र रोहिताश्व म्हणून स्वतःचा मुलगा भालचंद्र कॅमेऱ्यापुढे उभा. फाळक्यांना हीच कथा का सुचली असेल, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं असेल. मला विचाराल तर त्यांना कथा शोधायला घराबाहेर जावंच लागलं नसणार.

फाळके १९४४ साली नाशकात गेले. सिनेमाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा सरकारने केली १९९८ साली, आणि मग बँकांनी सिनेमाला कर्ज देण्याचा रीतसर मार्ग खुला झाला. १९९८ वजा १९१३, पंच्याऐंशी. आमच्याकडे कर्जमंजुरीला उशीर लागतो अशी लोकांची तक्रार असते, ती अगदीच निराधार नाही.

'संत तुकाराम' हा माझा दुसरा आवडता. १९३६ सालचा, प्रभातचा. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याचा गौरव झाला, वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. कर्जमाफीच्या इतिहासात लाभार्थींची यादी न छापता झालेली ही एवढीच. पण मला या सिनेमात जवळची वाटते ती गौरी या नटीने केलेली जिजाई. नवरा विठ्ठलाच्या नादी लागलेला, घरात दाणा नाही, आणि ती थेट देवाशीच भांडायला उभी राहते. घराचा ताळेबंद ज्याला जुळवावा लागतो तो असाच बोलणार. पागनीसांना नमस्कार करावा. जिजाईशेजारी बसून चहा प्यावा.

'मंथन' हिंदी आहे, पण त्याला यादीत जागा द्यावीच लागते. १९७६ साली श्याम बेनेगलांच्या या सिनेमासाठी गुजरातेतल्या पाच लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. एकूण दहा लाख. पाच लाख खातेदार, एकेकाचं येणं दोन रुपये! हे लेजर मला लिहायला लागलं असतं तर निवृत्तीपर्यंत दुसरं काम नको. सिनेमा लागल्यावर हे निर्माते गावोगावहून गाड्या भरभरून आपला माल बघायला गेले. त्यातली स्मिता पाटील आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगायची.

दूरदर्शनवरून आठवलं. आमच्या घरी टीव्ही आला तो वडिलांच्या पतपेढीच्या कर्जावर, आणि जामीन राहिले होते शेजारचे काका. त्यामुळे रविवारी सकाळी पहिली खुर्ची त्यांची. वडिलांचा हप्ता चुकला नाही, पण काकांची खुर्चीही कधी चुकली नाही. १९८८ ते १९९० अशी दोन वर्षं बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' चाललं. द्यूताच्या भागाला आमच्या खोलीत चाळीसेक माणसं असतील. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला, मग त्याने द्रौपदी पणाला लावली. आणि द्रौपदी भर सभेत विचारते, की जो स्वतःलाच हरला त्याला मला पणाला लावायचा अधिकार राहिला होता का? बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मी आठ-नऊ वर्षांचा; मला एवढंच कळलं की प्रश्न बरोबर आहे आणि एवढ्या मोठ्या माणसांपैकी एकालाही उत्तर येत नाही. आज रोज तोच प्रश्न मी छापील फॉर्मवर विचारतो : तारण ठेवलेली वस्तू गहाण टाकण्याचा अर्जदारास अधिकार आहे काय? लोक 'होय' वर खूण करून मोकळे होतात.

त्याच सुमारास 'वागले की दुनिया' लागायची. आर. के. लक्ष्मणांचा वागले, साधा कारकून. बसची रांग, महिनाअखेर, साहेबाचा मूड, बस्स. तो करणारे अंजन श्रीवास्तव खरोखरच अलाहाबाद बँकेत नोकरीला होते, हे कळलं तेव्हा मला आमच्या जातभाईने सुवर्णपदक आणल्याचा आनंद झाला. ती बँक २०२० साली इंडियन बँकेत विलीन झाली. वागले मात्र २०२१ साली नव्या मालिकेतून परत आला, सासरा म्हणून. बँकेपेक्षा कारकून टिकाऊ असतो हे मी आमच्या युनियनच्या सभेत सांगितलं होतं, पण टाळ्या फारशा पडल्या नाहीत.

आमचा दुसरा मोठा माणूस म्हणजे अशोक सराफ. हेही स्टेट बँकेतले. १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी' मी किती वेळा पाहिला याची मोजदाद ठेवलेली नाही. त्यात घरमालक सरपोतदारांनी औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांचा विषय धनंजय माने ज्या गंभीर चेहऱ्याने कायमचा मिटवून टाकतात, तो चेहरा अभिनयाच्या शाळेत शिकवून येत नाही. त्याला काउंटरच्या आत बसून, समोरच्याचे पैसे आज का मिळणार नाहीत हे शांतपणे सांगण्याचा अनुभव लागतो. परवा मी सौ.ला म्हटलं, "सत्तर रुपये, १९८८ पासून, साधं दहा टक्के व्याज धरलं तरी वर्षाला सात रुपये." ती म्हणाली, "त्या सरपोतदारांनी मागितले नाहीत अजून, तुम्ही कशाला नोटीस काढताय? गप्प बघा."