दारूखाना आणि दप्तरखाना

लग्नसराईच्या रात्री वारज्यातील आमच्या गच्चीवरून मुठेच्या दिशेने पाहिले की कुठल्या ना कुठल्या कार्यालयातले दारूकाम आकाशात उमलताना दिसते. मिनिटभर उजेड, मग धूर, मग पूर्ववत अंधार. अशाच एका रात्री शेजारचे एक निवृत्त गृहस्थ माझ्यासोबत उभे होते. त्यांचे गाव तासगाव तालुक्यातले. ते म्हणाले, "हे विकत आणलेलं. पेटवणाऱ्याला आत काय भरलंय ते ठाऊक नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातून एक जुनी, कापडी पुठ्ठ्याची वही आणून दाखवली. तरुणपणी गावच्या दसऱ्याला मंडळींसोबत केलेल्या दारूकामाच्या नोंदी तीत होत्या : साल, हवामान, कोणता जिन्नस कुठून आणला, किती उंच गेला, काय बिघडले. एका पानावर एवढेच होते : "औट फुटला. दामूचा डावा हात." पुढचे पान कोरे.

ती वही वाचल्यापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. जी कला जन्मतःच जळून जाते, तिचा इतिहास कोणत्या कागदावर उरतो? आणि जो माणूस पोटासाठी नव्हे तर हौसेसाठी ती करतो, त्याची नोंद कोण ठेवतो?

मराठीत 'दारू' हा शब्द तीन घरी नांदतो. फारसीत त्याचा मूळ अर्थ औषध. आपण 'औषध-दारू' म्हणतो तेव्हा तो अर्थ अजून जिवंत असतो. दुसरा अर्थ मद्य. तिसरा, तोफेची अथवा शोभेची दारू. औषध, नशा आणि स्फोट यांना एकच नाव देणाऱ्या भाषेने या वस्तूचा स्वभाव नेमका ओळखला आहे, असे म्हणावेसे वाटते. शिवकालीन अठरा कारखान्यांची जी यादी परंपरेने सांगितली जाते, तीत दारूखाना आहे आणि दप्तरखानाही आहे. बार भरणारा आणि हिशेब लिहिणारा, दोघेही एकाच राज्याचे चाकर.

परंतु शोभेच्या दारूचा माग या हिशेबांआधी काव्यात लागतो. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नसोहळ्याच्या वर्णनात दारूकामाचे प्रकार येतात. हा ग्रंथ सुमारे १५७१ सालचा. द्वारकेच्या कृष्णाच्या लग्नात सोळाव्या शतकातल्या महाराष्ट्राची आतषबाजी शिरली आहे. हा कालविपर्यास कवीला खटकला नाही, आणि इतिहासकाराच्या तर तो पथ्यावरच पडला. भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या कालखंडातील भारतीय आतषबाजीचा इतिहास सिद्ध केला (त्यांचा प्रबंध १९५३ साली बंगळूरहून प्रसिद्ध झाला), तेव्हा एकनाथांची साक्ष त्यांनी महत्त्वाची मानली. ओरिसाच्या प्रतापरुद्रदेव गजपतीच्या नावावरील 'कौतुकचिंतामणी' या संस्कृत ग्रंथात त्यांना गंधक, सोरा, कोळसा, लोखंडाचा कीस, बांबूची नळी अशी सामग्री सापडली. ग्रंथाचे नाव पाहा : कौतुक. युद्धशास्त्र नव्हे, राजाची हौस. आपल्या हौशी माणसाचा हा पहिला लेखी पूर्वज म्हणायला हरकत नाही; मात्र त्याला परवाना मागावा लागत नव्हता, कारण परवाना देणारा तोच होता.

गोड्यांनी उपयोगात आणलेला दुसरा पुरावा अस्सल पुण्याचा आहे. सोहनीकृत 'पेशव्यांच्या बखरी'त महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवतात. तेथे नगराबाहेर दारूची लंका उभी करतात. मध्ये रावण, भोवती राक्षस आणि वानर. मारुतीचे शेपूट पेटवले की तो उडत जाऊन घरे जाळतो. पेशव्यांनी तशीच लंका करण्याची आज्ञा दिली आणि ती पर्वतीच्या परिसरात जळाली. महादजी १७९२ साली पुण्यात आले आणि १७९४च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले. म्हणजे हा प्रसंग त्या पावणेदोन वर्षांतलाच असला पाहिजे. बखरकाराने मारुतीचे उड्डाण नोंदवले, पेशव्यांची हौस नोंदवली. तो मारुती घडवणाऱ्या हातांविषयी मात्र बखर गप्प आहे. पाहणारा नोंदला जातो, करणारा धुरात राहतो.

इंग्रजी अमलात चित्र पालटले. १८८४च्या स्फोटक कायद्याने दारू बनवणे, जवळ बाळगणे, वाहून नेणे, विकणे या प्रत्येक कृतीला परवान्याची चौकट घातली. १८९८ साली स्फोटकांसाठी स्वतंत्र खाते निघाले. त्याचे आजचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. १९१४, १९४०, १९८३ आणि २००८ अशा नियमावल्या एकामागून एक आल्या. आता करणाऱ्याचे नाव कागदावर आले. साठ्याची नोंदवही, तपासणी अधिकाऱ्याची स्वाक्षरी, अपघात झाल्यास खात्याला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवण्याचे बंधन, सारे आले. दिवाळीत उभारल्या जाणाऱ्या तात्पुरत्या दुकानांचेही तसेच. २००८च्या नियमांप्रमाणे दोन दुकानांत किमान तीन मीटर अंतर हवे, ती समोरासमोर नकोत, एका ठिकाणी पन्नासांहून अधिक नकोत, उघडी ज्योत नको. या रुक्ष वाक्यांना कोणी साहित्य म्हणणार नाही. परंतु असा प्रत्येक नियम म्हणजे कुठल्या तरी आगीचा मृत्युलेख असतो. तीन मीटर हे अंतर कोणी तरी जळाल्याशिवाय सुचत नाही.

तरीही या सर्व रकान्यांत एक रकाना नाही : हौस. कायद्याला उत्पादक माहीत आहे, विक्रेता माहीत आहे, साठवणारा आणि वाहणारा माहीत आहे. एका वेळी पंधरा किलोपर्यंत शोभेची दारू तयार करण्याचा परवाना जिल्हादंडाधिकारी देऊ शकतात. पण त्या अर्जावरही माणूस उत्पादकच असतो. अमेरिकेत याहून वेगळी वाट आहे. तेथे व्यावसायिक दर्जाचे दारूकाम बाळगू इच्छिणाऱ्या हौशी व्यक्तीला संघीय परवाना काढता येतो. त्याबदली तिला सुरक्षित कोठार दाखवावे लागते, त्यात काय आले आणि काय गेले याची रोजची नोंद ठेवावी लागते, कागद पाच वर्षे जपावे लागतात आणि चोरी उघडकीस आल्यापासून चोवीस तासांत कळवावी लागते. हौस मान्य, पण हिशेबासकट.

आपल्याकडे या प्रश्नाचे सर्वांत जिवंत रूप कवठेएकंदला दिसते. सांगली जिल्ह्यातील या गावी विजयादशमीच्या रात्री ग्रामदैवत सिद्धराजाच्या पालखीपुढे मंडळे स्वतः तयार केलेले दारूकाम लावतात. लाकडी औट हे तिथले वैशिष्ट्य. हे करणारे बहुतेक शेतकरी, नोकरदार. वर्षातून एकदा दारूकाम करणारे. याच गावाने २०१५च्या मे महिन्यात फटाक्यांच्या कारखान्यातला भीषण स्फोट आणि त्यातले मृत्यूही पाहिले. म्हणून 'परंपरा आहे, कायद्याने दूर राहावे' असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तितकेच, 'धोका आहे, बंद करा' हेही अपुरे वाटते. बंद केलेली हौस नाहीशी होत नाही. ती फक्त नोंदीबाहेर जाते. आणि नोंदीबाहेरच्या माणसाचे नाव मग एकदाच छापून येते, अपघाताच्या बातमीत.

नोंद ही पहारेकऱ्याची वस्तू आहे असे आपण समजतो. ती स्मृतीचीही वस्तू आहे. पेशवाईतील रोजकीर्दी खर्च आवरण्यासाठी लिहिल्या गेल्या. आज आपण त्यांतून माणसे वाचतो. माझ्या शेजाऱ्यांच्या वहीला कोणी स्वाक्षरी केलेली नाही, ती कोणत्या तपासनिसाने पाहिलेली नाही. तरी कोणत्याही नियमावलीला हवे तेच तिने केले आहे : काय भरले, काय घडले, कोणाला इजा झाली हे न लपवता लिहिले आहे. पर्वतीजवळ उडालेल्या मारुतीच्या कारागिराने अशी एक वही मागे ठेवली असती, तर आपला इतिहास किती वेगळा झाला असता!

वही परत करताना मी त्या कोऱ्या पानाविषयी विचारले. ते म्हणाले, "त्या वर्षानंतर मी केलं नाही. पण दामू पुढची वीस वर्षं येत होता. एका हातानं मोजून द्यायचा." मग थोडे थांबून म्हणाले, "ते लिहायचं राहिलं."