कहवा आणि सुरत बंदर

कॉफी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कूर्ग, चिकमगळूर, फार तर एखादे उडुपी उपाहारगृह उभे राहते. सुरतेची आठवण कोणास होत नाही. वास्तविक दक्षिणेच्या डोंगरउतारांवर कॉफीचे मळे उभे राहण्याच्या कितीतरी आधी हे पेय सुरतेच्या पेढ्यांना आणि वखारींना परिचयाचे होते. सर टॉमस रो या इंग्रज वकिलाच्या पदरी असलेला एडवर्ड टेरी हा पाद्री १६१६ मध्ये सुरतेजवळच्या सुवाळी बंदरावर उतरला. मद्य वर्ज्य मानणारे येथील धर्मनिष्ठ लोक काळे बी पाण्यात उकळून पितात, त्याची चव विशेष नसली तरी ते पचनास हितकर असते, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. पुढे १६८९ मध्ये सुरतेस आलेल्या जॉन ओव्हिंग्टनने तर वाणी मंडळींस चहा आणि कॉफी यांचे मुळीच वावडे नसल्याचे लिहिले. लंडनमध्ये कॉफीगृहे निघाली ती १६५२ नंतर, हे ध्यानात घेतले म्हणजे टेरीच्या नोंदीचे महत्त्व कळते.

हे बी येत असे येमेनातील मोखा बंदरातून. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या अरण्यातले. परंतु त्याची पद्धतशीर लागवड येमेनच्या डोंगरांवर झाली, आणि म्हणूनच १७५३ मध्ये लिनियसने त्यास ‘कॉफिया अरेबिका’ असे, काहीसे फसवे, नाव दिले. कॅनेफोरा (म्हणजे आपला रोबस्टा) आणि युजिनॉइडिस या दोन आफ्रिकी जातींच्या नैसर्गिक संकरातून ही जात निपजली. गर्द हिरवी, चकचकीत पाने. जाईची आठवण करून देणारी पांढरी, सुवासिक फुले. आणि पिकल्यावर लाल होणारे, पोटात बहुधा दोन बिया असलेले फळ, असे तिचे रूप आहे. ज्या वनस्पतिकुलात ती मोडते त्याच कुलात आपली मंजिष्ठा, कदंब, अनंत आणि आल ही मंडळीही येतात. यांतील आल आणि मंजिष्ठा यांच्या मुळांपासून गुजरातेत कापडास लाल रंग देत असत. तेव्हा सुरतेहून मोख्यास रंगीत कापड जाई आणि मोख्याहून सुरतेस कॉफी येई, तेव्हा एकाच कुलातील दोन भावंडांची ती अदलाबदल होती असे म्हणण्यास हरकत नाही.

हा व्यापार वाऱ्याच्या तंत्राने चाले. वसंताच्या सुमारास सुरतेची गलबते तांबड्या समुद्राकडे निघत आणि पावसाळा सरता सरता परतत. जाताना कापड आणि हजचे यात्रेकरू, येताना मुख्यतः चांदी आणि तिच्या जोडीला कॉफी. मोख्याच्या आतल्या भागात बैत-अल-फकीह येथे कॉफीचा मोठा बाजार भरे. १६९५ च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी या चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ जहाज लुटले, ते याच परतीच्या वाटेवर. सुरतेचा सर्वांत धनाढ्य जहाजमालक मुल्ला अब्दुल गफूर याचेही एक जहाज त्याच वेळी लुटले गेले.

मग इतकी कॉफी पाहिलेल्या या भूमीत तिचे एक झाडही का रुजले नाही? एक तर अरेबिकाला उंच, थंड डोंगर, सावली आणि फुलोऱ्याच्या वेळी, चैत्राच्या आसपास, पावसाच्या दोन-चार सरी लागतात. तापीकाठच्या सपाटीवर यांतले काहीच नाही. दुसरे, वाळवून सोललेले बी फार काळ सजीव राहत नाही. वखारीतील पोती उकळण्यासाठी उपयोगी, पेरण्यासाठी नव्हेत. बाबा बुदन यांनी हजहून परतताना सात बिया कमरेस बांधून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण पर्वतावर लावल्या, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती आख्यायिकाच मानावी. पण नेमकी जागा निवडण्याचे श्रेय मात्र तिच्यात त्या फकिराकडे जाते, कोणा व्यापाऱ्याकडे नव्हे.

अठराव्या शतकात हा सारा संसार विस्कटला. डचांनी जावा बेटात लावलेल्या कॉफीचा पहिला माल १७११ मध्ये ॲम्स्टरडॅमला विकला गेला, आणि थोड्याच वर्षांत मोख्याची मक्तेदारी मोडली. इकडे मोगल सत्ता खिळखिळी झाली होती. सुरतेच्या व्यापाराचा सखोल अभ्यास करणारे इतिहासकार अशीन दासगुप्त यांनी त्याच्या ऱ्हासाची कारणे सांगताना अंतर्भागातील अशांततेवर भर दिला आहे. त्या अशांततेत सोनगडास ठाणे करून बसलेल्या पिलाजी गायकवाडांचा वाटा थोडा नव्हता. १६६४ आणि १६७० च्या शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांतून सुरत सावरली. त्यांमागे मोगलांशी चाललेल्या झुंजीचा हेतूही स्पष्ट होता. पुढच्या चौथाईच्या नित्य तगाद्याबद्दल तसे म्हणता येत नाही. मराठी लेखकांनी पहिल्या प्रकरणावर पुष्कळ लिहिले, दुसऱ्यावर हात आखडता घेतला, हे मान्य करावयास हवे.

आज सुरतकर उन्हाळ्यात थंडगार कोको आवडीने पितो. कहव्याची परंपरा मात्र येथे उरली नाही. त्या काळाची एक खूण तेवढी शाबूत आहे. डचांच्या जुन्या कबरस्तानात हेंड्रिक व्हान रीड याची घुमटदार, भव्य समाधी आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्यानेच सिद्ध करविला. आपल्या आलाच्या कुळातील एक झाडही त्यात वर्णिलेले आहे. १६९१ च्या डिसेंबरात कोचीनहून सुरतेस येताना तो समुद्रावरच वारला. त्यानंतर पाचच वर्षांनी, त्याने एकेकाळी कारभार पाहिलेल्या त्याच मलबारातून डचांनी कॉफीची रोपे जावास नेली. ती पुरात गेली, म्हणून १६९९ मध्ये पुन्हा नेली. आणि ती मात्र जगली.