लिस्बनच्या आधी पणजी

उष्णदेशीय वैद्यकाचा इतिहास विद्यार्थ्यांपुढे मांडला जातो तो बहुधा १८९८पासून. त्या वर्षी पॅट्रिक मॅन्सन यांचं या विषयावरचं प्रसिद्ध पाठ्यपुस्तक आलं आणि लिव्हरपूलला शाळा निघाली. पाठोपाठ १८९९मध्ये लंडनची आणि १९०२मध्ये लिस्बनची. तिन्ही बंदरांची शहरं, आणि तिन्ही शाळांपुढचा मुख्य प्रश्न एकच : वसाहतींत जाणारे आपले अधिकारी, सैनिक आणि व्यापारी तापांपासून वाचवायचे कसे? या शाळांचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सुरुवात तिथून धरली की पणजी गळते. लिस्बनच्या शाळेआधी तब्बल साठ वर्षं, ५ नोव्हेंबर १८४२ रोजी, पणजीत वैद्यक-शस्त्रक्रिया शाळा सुरू झाली होती. तिथे शिकून बाहेर पडलेले गोवेकर डॉक्टर पुढे मोझांबिक, अंगोला आणि थेट तिमोरपर्यंत पोर्तुगीज आरोग्यखात्यात राबले. नावात नसलं तरी कामाने ती उष्णदेशीय वैद्यकाचीच शाळा होती, असं माझं म्हणणं आहे. तिचं नाव मागे पडलं याचं कारण ज्ञानाच्या दर्जापेक्षा ज्ञानाच्या मालकीत शोधायला हवं.

ही मालकी कशी बदलते ते याच भूमीतल्या त्याहून जुन्या एका पुस्तकात लख्ख दिसतं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४मध्ये हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचा वावर होता, मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे होतं, आणि १५६३मध्ये त्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता त्याने तो पोर्तुगीजमध्ये लिहिला, तोही संवादरूपात. पटकीवरचं प्रकरण वाचावं. इथले लोक या रोगाला काय म्हणतात ते, म्हणजे आपली मोडशी, ओर्ता नोंदवतो. मग इथले वैद्य काय करतात ते सांगतो : मिरी आणि जिरं घातलेली भाताची पेज पाजतात, पायांना डाग देतात, पेटके येतात म्हणून हातपाय घट्ट पट्ट्यांनी बांधतात. त्याला हे सगळं पटतं असं नाही, पण तो ते टिपतो. मधूनच घरातली अंतोनिया नावाची दासी वनस्पती आणून पुढ्यात ठेवते. म्हणजे शिकवणारे कोण होते ते पानापानावर दिसतं. १५६७मध्ये क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या ग्रंथाचा लॅटिन सारांश अँटवर्पहून काढला आणि युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः त्या रूपात. द्रव्यांची माहिती राहिली. संवाद गेला, आणि त्याबरोबर वैद्य, दासी, रोगी हेही गेले. क्लूसियसचा हेतू वाईट नव्हता, त्याला सुटसुटीत ग्रंथ हवा होता. तरी परिणाम तोच झाला.

पणजीच्या शाळेचं काहीसं असंच झालं. मांडवीकाठच्या माकिनेझ वाड्यात, लष्करी इस्पितळाच्या आधाराने ती उभी राहिली. आता त्याच आवारात चित्रपट महोत्सवाची लगबग असते. ओल्ड गोवा तापांच्या साथींनी ओस पडून राजधानी नदीच्या मुखाकडे सरकली, त्याच काळातली ही गोष्ट. साहजिकच इथल्या विद्यार्थ्याला हिवताप, हगवण, देवी हे रोग परदेशी जाण्याआधी वाचून ठेवायचे धडे नव्हते. ते त्याच्या गावात होते. तरीही या शाळेच्या पदवीवर पोर्तुगालमध्ये व्यवसाय करता येत नसे, त्यासाठी तिकडे पुन्हा शिकावं लागे. आफ्रिकेतल्या नोकरीतही गोवेकरांना दुय्यम श्रेणी मिळे. रोगी वसाहतीतला असेल तर पदवी चालते आणि रोगी लिस्बनचा असेल तर चालत नाही, हा दंडक वैद्यकशास्त्राच्या कुठल्या नियमातून निघतो?

यावर उत्तर मिळतं ते असं की शाळा खरोखरच तोकडी होती. शिक्षक मोजके, साधनं तुटपुंजी, आणि अभ्यासक्रम पोर्तुगालचाच गिरवलेला; मग तिला या विषयाची शाळा कसं म्हणायचं? तोकडेपणा मान्यच केला पाहिजे. पण साधनं पुरवणं ज्यांच्या हाती होतं तेच सत्ताधीश शाळेच्या दारिद्र्याचा दाखला देत होते, हेही मांडायला हवं. अभ्यासक्रमाबद्दल म्हणाल तर पुस्तक युरोपचं असलं तरी खाटेवरचा रोगी इथला होता, आणि वैद्यकाचा अर्धा अभ्यास खाटेपाशीच होतो. दुसरा आक्षेप मात्र जड आहे. हे डॉक्टर आफ्रिकेत गेले ते साम्राज्याचे नोकर म्हणून. तिथल्या लोकांच्या नजरेत ते सत्तेचेच हात होते, आणि स्वतः दुय्यम ठरवले गेल्याने ते आपोआप आफ्रिकनांच्या बाजूचे झाले असं मानायला आधार नाही. हा आक्षेप खोडून काढावा असं मला वाटत नाही. शाळेचं श्रेय मागायचं तर हा हिशेबही तिच्याच खात्यावर लिहायला हवा. लंडन-लिव्हरपूलच्या खात्यावर तो लिहिलेला असूनही त्यांना इतिहासात जागा आहे, एवढंच माझं सांगणं.

विसाव्या शतकात या शाळेने स्वतःचं संशोधन छापायला घेतलं तेव्हा चित्र बदलू लागलं. त्यामागचं मोठं नाव फ्रोइलानो द मेलो यांचं. सासष्टीतल्या बाणावलीचे, याच शाळेत शिकलेले आणि पुढे पोर्तूची पदवी घेतलेले मेलो परजीवीशास्त्रज्ञ म्हणून जगभर ओळखले गेले. ते शाळेचे संचालक होते, पणजीचे नगराध्यक्ष होते, आणि माकाझानच्या कुष्ठरुग्णालयामागेही त्यांचेच कष्ट होते. त्यांच्या काळात शाळेचं स्वतःचं नियतकालिक निघालं, आणि गोव्यात केलेलं संशोधन गोव्यातूनच जगापुढे गेलं. मधल्या कुणा क्लूसियसची गरज उरली नाही. गोवा मुक्तीनंतर शाळेचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी झालं आणि पोर्तुगीजमधलं हे लिखाण नव्या विद्यार्थ्यांच्या हातून निसटलं. आज जागतिक आरोग्याचा अभ्यास करू पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींना परदेशी विद्यापीठांचे धडे संगणकावर सहज मिळतात. ओर्ताच्या ग्रंथाचं १९१३चं इंग्रजी भाषांतरही शोधलं तर सापडतं. पण पणजीच्या शाळेचे जुने अंक मराठीत किंवा कोंकणीत आणायचे तर पोर्तुगीज आणि वैद्यक दोन्ही जाणणारी माणसं लागतील. गोव्यात अशी माणसं अजून आहेत, आणि हे काम त्यांच्याकडून लवकर करून घ्यायला हवं.