ह्यूम कुटुंब

ह्यूमसाहेब : म्हणजे रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम (१८४७-१९२९). अमेरिकन मराठी मिशनच्या या पाद्र्याचा जन्म मुंबईचाच. वडीलही मिशनरी, १८५४ साली मायदेशी परतताना जहाजावरच वारले. आईने मुलांना अमेरिकेत वाढवले.

येल विद्यापीठात शिकून ह्यूम १८७४ साली अहमदनगरला आले व तेथे धर्मशिक्षण देणारी सेमिनरी उभी केली. 

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक पुढे याच नगरच्या मिशनमध्ये काम करू लागले. टिळकांची मराठी भजने व कीर्तने यांमुळे ख्रिस्ती उपासनेला देशी सूर लाभला; त्यांची गीते मराठी मंडळ्यांत आजही गातात.