जुनेपण विकत मिळते काय?

किन्हवलीकडच्या एखाद्या घरातले जुने मुसळ हातात घेऊन बघा. धरायच्या जागी ते गुळगुळीत झिजलेले असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांची ती खूण. वाद्यांनाही अशीच झीज येते. आणि पुढे तिलाच बाजारभाव आला.

आयर्लंडचे वादक रोरी गॅलहर यांनी १९६३ साली फेंडर कंपनीची, १९६१ च्या बनावटीची एक विजेची गिटार घेतली. वाजवून वाजवून, घामाने तिचा बहुतेक रंग उडाला. चाहत्यांना तेच रूप आवडलं. २०२४ च्या लिलावात तिला सात लाख पौंडांची बोली लागली!

अशी गिटार सगळ्यांना कुठून मिळणार? १९९५ साली फेंडरनेच तोड काढली. कोऱ्या गिटारींचा रंग खरवडायचा, धातूचे भाग काळपटवायचे, आणि 'रेलिक' म्हणून त्या विकायच्या. ही फसवणूक म्हणावी, तर घेणाऱ्याला सारे ठाऊक असते. कोऱ्या वाद्याला ओरखडा जाईल म्हणून हात बिचकतो. झिजलेले कसे जवळचे वाटते.

आपल्या मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी-तंबोरे घडतात. तिथेही मुरण्याला मान आहे, पण तो कानासाठी. भोपळा आधी चांगला वाळू देतात. घोडीवर तारांची झीज झाली, की घासून पुन्हा जवारी काढतात. आवाज बिघडवणारी झीज तिथे कुणी मिरवत नाही.

तेव्हा हौसेने खरवडलेली गिटार खुशाल घ्या. मात्र तिच्यावरचे ओरखडे दुसऱ्याने ओढलेले आहेत. आपल्या हाताची झीज तिच्यावर उमटायला रोज वाजवावंच लागेल.