श्वेत नीलेच्या दलदलींतील पाण्याचा हिशेब

इ. स. १७९२ मध्यें फ्रान्सिस विल्फर्ड ह्यानें 'एशियाटिक रिसर्चेस'च्या तिसऱ्या खंडांत पुराणांच्या आधारें नीलेचा उगम वर्णिला. पुढें त्याच्याच पंडितानें पोथ्यांत बनावट मजकूर घुसडल्याचें उघडकीस आलें, व विल्फर्डनें तें १८०५ च्या आठव्या खंडांत कबूलहि केलें. तरीहि स्पीकनें १८६३ च्या आपल्या ग्रंथांत विल्फर्डच्या नकाशाचा आदरपूर्वक दाखला दिला! संस्कृताच्या अभ्यासकांस ही गोष्ट लाजिरवाणी खरी. पण पोथ्या जमविणारांनीं ती विसरूं नये.

ह्याउलट सेनेकाचा उल्लेख आम्हांस विश्वसनीय वाटतो. नीरोनें धाडलेल्या दोन रोमन शतनायकांस अफाट दलदल लागली; तींत वनस्पति व पाणी ह्यांची अशी गुंतागुंत होती कीं, एकट्या माणसाच्या लहान होडीखेरीज कांहींच पुढें जाईना. हें वर्णन सुद्दास तंतोतंत लागू पडतें. अरबी 'सद्द' म्हणजे अडथळा. १८७० त सॅम्युएल बेकरच्या नौका येथेंच अडकल्या.

ह्या दलदलींतून पाणी वाहतें किती, हें मात्र मोजमापांनींच ठरलें. विल्यम गार्स्टिनच्या १९०४ च्या अहवालानें प्रश्न ऐरणीवर आणला. वरच्या अंगास मोंगला येथें १९०५ पासून प्रवाहाच्या नोंदी आहेत. खालीं मलाकल येथील पाण्यांतून सोबात नदीचें पाणी वजा केलें म्हणजे सुद्दांतून निघालेलें पाणी कळतें. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती ताडून गळलेला भाग काढावा, तसाच हा प्रकार. गळती सुमारें निम्मी निघाली!

सट्क्लिफ व पार्क्स ह्यांनीं १९८७ त जें गणिती प्रतिरूप मांडलें तें विलक्षण साधें आहे. आलेलें पाणी व पाऊस ह्यांतून बाष्पीभवन, कोरड्या जमिनींत मुरणारें पाणी व निर्गम वजा करावयाचा. सरासरी खोली सुमारें एक मीटर धरली कीं सांठ्यावरून विस्तार निघतो. १९६१ ते १९६४ च्या सुमारास व्हिक्टोरिया सरोवर चढलें, तेव्हां दलदल दुपटीहून अधिक पसरली. निर्गम मात्र त्या मानानें वाढला नाहीं.

वाफ झालेल्या पाण्यास जुन्या कागदांत 'नुकसान' म्हटलेलें आढळतें. आमच्या मतें ही खालच्या अंगास, कैरोंत बसलेल्या कारकुनाची परिभाषा होय. डिंका व नुएर लोकांच्या गुरांस उन्हाळ्यांत चारा मिळतो तो पूर ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या त्याच भूमीवर. तें 'नुकसान' वांचविण्यासाठीं १९७८ त जोंगलेइ कालव्याचें खोदकाम सुरू झालें. सुमारें दोन-तृतीयांश झाल्यावर युद्धामुळें १९८३-८४ त तें थांबलें, आणि त्याच युद्धानें मोंगल्याच्या नोंदींतहि मोठा खंड पाडला.