लिस्पचे फंक्शन: मेमरीतून फाइलीत आणि परत

लिस्पच्या इंटरप्रिटरमध्ये फंक्शनची व्याख्या ही स्वतःच एक यादी असते. लिस्प १.५ मध्ये ती फंक्शनच्या नावाच्या गुणधर्म-यादीत ‘एक्सपीआर’ या खुणेखाली ठेवली जाई. मग साठवायचे म्हणजे ती यादी फाइलीत छापायची, आणि हवी तेव्हा वाचून पुन्हा त्याच नावाला जोडायची. ही सोय मात्र अर्धवट आहे, कारण छापली जाते ती नुसती यादी.

‘लेट’ने न हा चल ० ला बांधून त्याच्या आत (लॅम्ब्डा () (सेटक्यू न (+ न १))) लिहिले, की कॉलगणिक १, २, ३ असे आकडे मिळतात. हे फंक्शन छापले तर फाइलीत लॅम्ब्डा तेवढा उतरतो. न कुठला आणि तो कितीवर आला होता, याचा पत्ता नसतो. परत लोड करून कॉल केला की न ला किंमतच नाही म्हणून एरर येते. त्याच नावाचा ग्लोबल चल असेल तर एररही येत नाही. भलताच आकडा गुपचूप वाढत राहतो, आणि ते जास्त वाईट. कॉमन लिस्पच्या मानकाने इथे सरळ अंग काढून घेतले आहे: फंक्शनकडे त्याची व्याख्या मागितली तर ‘निल’ मिळाले तरी चालते.

टिपांचे हाल वेगळेच. अर्धविरामानंतरचा मजकूर रीडर वाचतानाच टाकून देतो, त्यामुळे मेमरीतून पुन्हा छापलेल्या फाइलीत तो नसतो. इंटरलिस्प या लिस्पच्या बोलीने टीपही तारांकनाने सुरू होणारी यादीच मानली. तिथे संपादन मेमरीतल्या यादीवरच चाले, आणि कोणते फंक्शन बदलले, ते कोणत्या फाइलीचे, ही नोंद यंत्रणा ठेवी. फाइलीलाच मूळ मानायचे, की तिला मेमरीची छापील प्रत समजायचे? माझे मत फाइलीच्या बाजूने आहे; सगळी अवस्थाच हवी असेल तर एसबीसीएल या कॉमन लिस्प प्रणालीसारखी पूर्ण मेमरीची इमेज उतरवावी.

रीलोडमध्येही गाठी आहेत. नावाने कॉल करणाऱ्याला नवी व्याख्या मिळते. पण जुने फंक्शन ऑब्जेक्ट म्हणून कुठल्या यादीत धरून ठेवले असेल, तर तिथे जुनेच चालते. ‘डेफव्हार’ चलाची आधीची किंमत बदलत नाही. आणि फाइलीतून खोडलेले फंक्शन लोडने पुसले जात नाही. त्याला कॉल करणारा कोड नवे सेशन सुरू होईपर्यंत बिनबोभाट चालत राहतो.